फाइल समोर दिसतेय, तरी "फाइल नाही" म्हणतो!

एरवी या सदरात प्रिंटर, वायफाय, मोबाइलची बॅटरी अशी मिसळ असते, पण या वेळी सहा पत्रं अशी आली की गावं वेगळी, माणसं वेगळी, आणि दुखणं मात्र एकच, ओळीच्या शेवटी चिकटलेलं एक न दिसणारं अक्षर. म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचं वेगळं पत्र येईल.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. हिशोबाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे, आणि रोज रात्री बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्ट मुलानं लिहून दिलीय, तो हिंजवडीला नोकरीला असतो. दोन वर्षं बिनबोभाट चालली. मागच्या आठवड्यात नवीन हार्ड डिस्क घेतली म्हणून फक्त फोल्डरचं नाव बदलायचं होतं, तर मी ती स्क्रिप्ट घरच्या विंडोज लॅपटॉपवर नोटपॅडच्या नव्या फाइलमध्ये पेस्ट केली, एक ओळ बदलली आणि पेनड्राइव्हवरून परत आणली. आता चालवली की "बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं. अहो फाइल तिथेच आहे, मी डोळ्यांनी बघतोय! मुलगा म्हणतो बाबा तुम्ही काहीतरी केलंत, मी म्हणतो एक ओळ सोडून कशाला हात लावला नाही. खरं कोणाचं?
— एक दुकानदार, अप्पा बळवंत चौक

उत्तर : काका, खरं दोघांचंही. तुम्ही एकच ओळ बदललीत आणि नोटपॅडनं सगळ्या ओळी बदलल्या, तुम्हाला न विचारता.

आधी एक काम करा, बाकीचं वाचण्याआधी. बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन शेवटची तारीख बघा. स्क्रिप्ट रात्री आपोआप चालते ना, मग ती बिघडल्यापासून बॅकअप झालेलाच नसणार, आणि त्याची तक्रार क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) ज्या मेलबॉक्समध्ये टाकतो तो कोणी कधी उघडत नाही. आज हातानं एक कॉपी काढून ठेवा.

आता भानगड काय ती. कोणे एके काळी टायपिंगच्या क्लासला गेला असाल तर आठवेल, ओळ संपली की डावीकडचा लिव्हर ढकलायचा, त्यानं दोन गोष्टी व्हायच्या. गाडा परत सुरुवातीला यायचा, आणि रोलर एक घर फिरून कागद वर सरकायचा. एका झटक्यात दोन कामं. टेलिप्रिंटरवाल्यांनी या दोन कामांना दोन वेगवेगळी अक्षरं दिली, गाडा परत आणणारं ते कॅरेज रिटर्न (सीआर), आस्की या अक्षरांच्या नंबरयादीत त्याचा नंबर १३, आणि कागद सरकवणारं ते लाइन फीड (एलएफ), नंबर १०. टेलिटाइपचं मॉडेल ३३ हे १९६३ चं मशीन, सेकंदाला १० अक्षरं छापायचं, आणि गाडा उजव्या टोकापासून डावीकडे यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा, त्यामुळे दोन अक्षरं पाठवली की तेवढी उसंत मिळायची. पुढे युनिक्सवाले म्हणाले, फाइलमध्ये दोन कशाला, एक लाइन फीड पुरे, गाड्याचं काय ते टर्मिनल बघून घेईल. सीपीएम नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमनं दोन्ही ठेवली, डॉसनं ती सीपीएमकडून घेतली, विंडोजनं डॉसकडून. जुने मॅक तर नुसत्या कॅरेज रिटर्नवर चालायचे, मॅक ओएस टेन आल्यावर तेही युनिक्सच्या बाजूला आले. त्यामुळे "विंडोजनं मुद्दाम वाकडं केलं" असं जे पोरं म्हणतात ते मला पटत नाही. वडिलोपार्जित वाड्यातली वहिवाट आहे ती.

तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ हॅश आणि उद्गारचिन्हानं सुरू होते आणि पुढे बिन स्लॅश बॅश असा पत्ता असतो, बॅश म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ती ओळ लाइन फीडपर्यंत वाचतो आणि जे मिळेल तो प्रोग्रॅम शोधायला जातो. आता त्याला मिळालं बॅश अधिक एक कॅरेज रिटर्न. त्या नावाचा प्रोग्रॅम जगात कुठे नाही, म्हणून तो म्हणतो अशी फाइल नाही. म्हणजे जी सापडत नाहीये ती तुमची स्क्रिप्ट नाहीच, बॅश सापडत नाहीये. एरर नीट वाचलात तर बॅशच्या नावापुढे टोपीचं चिन्ह आणि एम दिसेल, तेच ते अक्षर. निम्मे लोक इथेच फसतात, फाइलच्या परमिशन बघत बसतात, फोल्डर बदलून बघतात, सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून बघतात.

खात्री करायची तर फाइल नावाचीच एक कमांड आहे, तिला स्क्रिप्टचं नाव द्या. उत्तरात "विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स" आलं की निदान पक्कं. किंवा कॅट, स्पेस, मायनस कॅपिटल ए आणि फाइलचं नाव, मग प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी, एम आणि डॉलर दिसेल. चांगल्या फाइलमध्ये नुसता डॉलर असतो.

औषध म्हणाल तर डॉस-टू-युनिक्स नावाचा प्रोग्रॅम, ॲप्टनं इन्स्टॉल होतो, त्याला फाइलचं नाव दिलं की जागच्या जागी साफ करतो. तो नको असेल तर सेडला (मजकूर शोधून बदलणारी कमांड) मायनस आय देऊन "ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश आर काढ" सांगायचं, म्हणजे एस, स्लॅश, बॅकस्लॅश आर, डॉलर, स्लॅश, स्लॅश, हे सगळं एकेरी अवतरणात. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलची चालवायची परवानगीही कधी कधी गळून पडते, तेव्हा जाता जाता सीएचमॉड प्लस एक्स करून टाका.

आणि नोटपॅडला फार शिव्या नका देऊ. २०१८ च्या विंडोज अपडेटपासून तो लिनक्सवाली फाइल उघडली की ओळींचे शेवट आहेत तसेच सांभाळतो. तुम्ही नवी फाइल काढलीत तिथे गाडी घसरली, नव्या फाइलला तो विंडोजची वहिवाट लावतो. जुनीच फाइल उघडून नाव बदललं असतंत तर हे पत्रच आलं नसतं.

प्रश्न : दादा, मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, हॉस्टेलवर राहतो. ओएसच्या प्रॅक्टिकलला शेल स्क्रिप्ट असते. मी विंडोजमध्ये लिहिली आणि लिनक्समध्ये चालवली तर "सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन" आणि पुढे डू आणि बॅकस्लॅश आर असलं काहीतरी. सीनियर म्हणाला की लाइन एंडिंगचा लोचा आहे, विम एडिटरमध्ये उघड, टोपी-एम दिसेल. उघडली, काहीच दिसत नाही, सगळं क्लीन. मग त्याचं चुकलं का माझं? सबमिशन सोमवारी आहे.
— एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : सीनियरचं निदान बरोबर, तपासायची पद्धत अर्धी. विम हुशार आहे, नको तितका. फाइलमधल्या सगळ्याच ओळी विंडोज पद्धतीच्या असल्या की तो म्हणतो अच्छा ही डॉसची फाइल, आणि ती अक्षरं गुपचूप लपवतो, फक्त उघडताना सगळ्यात खालच्या ओळीत चौकटी कंसात डॉस असं लिहितो, जे कोणी वाचत नाही. टोपी-एम तेव्हा दिसतात जेव्हा काही ओळी अशा आणि काही तशा असतात. म्हणजे फाइल पूर्ण बिघडलेली असेल तर स्वच्छ दिसते आणि अर्धी बिघडलेली असेल तर घाण दिसते, आहे की नाही गंमत. कोलन, सेट, एफएफ इक्वल टू युनिक्स, एंटर, मग सेव्ह, झालं तुझं काम.

पण सोमवारी व्हायवाला विचारतील म्हणून एरर का आला तेही समजून घे. बॅशला डू हा शब्द डू म्हणूनच लागतो, तुझ्या फाइलमध्ये तो डू-अधिक-कॅरेज-रिटर्न झालाय आणि असा कीवर्ड बॅशच्या कोशात नाही. देन, डन, एफआय, सगळ्यांचं तेच होतं, म्हणून कधी कधी नुसतं "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल" येतं, कारण बॅश बिचारा एफआयची वाट बघत फाइलच्या शेवटापर्यंत जातो आणि एफआय त्याच्या समोरून वेगळ्या कपड्यात निघून गेलेला असतो. मधल्या कोऱ्या ओळी तर त्याला कमांड वाटतात, त्यावर "कमांड नॉट फाउंड" येतं. कोऱ्या ओळीवर कमांड नॉट फाउंड, हे दिसलं की बाकी काही तपासायची गरजच नाही.

अजून एक जागा म्हणजे लांब कमांड तोडायला ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देतात ती. बॅकस्लॅश त्याच्या लगेच पुढच्या अक्षराला पकडतो, आणि पुढे आता ओळ संपणं नसून कॅरेज रिटर्न आहे, तर तो त्यालाच पकडतो, ओळ तिथेच संपते आणि खालची ओळ स्वतंत्र कमांड म्हणून चालायला जाते. मायनस मायनस एक्स्क्लूड, कमांड नॉट फाउंड. आकड्यांची तुलना केलीस तर "इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड", कारण ५ च्या पुढे ते अक्षर आहे.

आणि हो, "स्क्रिप्टच्या आधी बॅश लिहून चालवली की चालते" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्यानं पहिल्या ओळीची अडचण टळते, कारण कर्नलला बॅश शोधावा लागत नाही, बाकीच्या ओळी आहेत तशाच. लिहिताना व्हीएस कोड वापरत असशील तर उजव्या कोपऱ्यात खाली सीआरएलएफ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून एलएफ निवड. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एडिट मेनूत ईओएल (ओळीचा शेवट) कन्व्हर्जन आहे.

प्रश्न : फोल्डरमध्ये रिपोर्ट डॉट टीएक्सटी नावाच्या दोन फाइली आहेत. एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये कशा राहतील? एक काढायला गेले तर दुसरीच गेली.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, नाव एक नाहीये. एकीच्या नावाच्या शेवटी कॅरेज रिटर्न आहे, कुठल्यातरी बिघडलेल्या स्क्रिप्टनं आउटपुट त्या नावात ओतलं. नव्या एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) ती अवतरणात आणि मागे बॅकस्लॅश आर लावून दिसते, जुन्यात नुसतं प्रश्नचिन्ह दिसायचं. काढायची तर आरएम, मायनस आय, आणि नावाच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह जोडा, प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, मग फक्त तीच फाइल पकडली जाते. मायनस आय सोडू नका, तो विचारून काढतो. गेलेल्या फाइलबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : खराडीत एका कंपनीत आमची सात जणांची टीम आहे. प्रोजेक्ट डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंद डब्यात, चालतो. सहा जणांकडे मॅक नाहीतर लिनक्स, सगळं मस्त. नवीन जॉइन झालेल्या मुलाला विंडोज लॅपटॉप मिळाला, त्यानं रेपो (कोडची सामायिक साठवण) क्लोन केला, म्हणजे उतरवून घेतला, इमेज (कंटेनरचा साचा) बिल्ड केली, आणि कंटेनर चालू होतानाच मरतो, एंट्रीपॉइंट डॉट एसएचसाठी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". आत शिरून बघितलं तर फाइल आहे. सर्व्हरवर रेपोतली फाइल बघितली तर एकदम साफ, सीआर नाही. त्यानं फाइलला हातही लावलेला नाही. दोन दिवस गेले, आता मॅनेजर म्हणतात त्याला लॅपटॉपच बदलून द्या.
— टीम लीड, खराडी

उत्तर : लॅपटॉप राहू द्या, बजेटला दुसरी कामं असतील. फाइलला हात त्या मुलानं लावला नाही, गिटनं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, लावला. विंडोजवर गिट इन्स्टॉल करताना एक स्क्रीन येते, लाइन एंडिंगचं काय करू म्हणून, आणि तिथे आधीच टिक असलेला पर्याय असा की रेपोतून बाहेर काढताना विंडोज पद्धतीनं काढ, आत टाकताना युनिक्स पद्धतीनं टाक. सगळे नेक्स्ट नेक्स्ट करतात. म्हणून रेपोत फाइल साफ आणि त्याच्या डिस्कवर बिघडलेली, आणि डॉकर बिल्ड करताना घेतो ती डिस्कवरची. त्याच्या मशीनवर गिट एलएस-फाइल्स, मायनस मायनस ईओएल चालवा, प्रत्येक फाइलपुढे रकाने येतील, त्यातले दोन बघा, आयवाला म्हणजे गिटच्या आतली, डब्ल्यूवाला म्हणजे डिस्कवरची. एंट्रीपॉइंटपुढे आयला एलएफ आणि डब्ल्यूला सीआरएलएफ दिसलं की दोन दिवसांचं कोडं सुटलं.

आता इथे बहुतेक टीम जे करतात ते म्हणजे चॅटवर मेसेज टाकतात, सगळ्यांनी गिटचं ऑटोसीआरएलएफ सेटिंग इनपुट करून घ्या. हे मला अजिबात आवडत नाही. सेटिंग माणसाच्या मशीनवर आहे, आज सात जणांनी केलं, उद्या आठवा येईल आणि तो मेसेज तोपर्यंत चॅटमध्ये वर कुठेतरी गेलेला असेल. दुसरे एक लोक डॉकरफाइलमध्येच (इमेज बनवायची कृती) सेडची ओळ घालतात, बिल्ड होताना साफ कर म्हणून. चालतं ते, पण घरात पाणी गळतंय म्हणून खाली बादली ठेवल्यासारखं, दुसरी स्क्रिप्ट आली की दुसरी बादली.

नियम रेपोतच ठेवा. रेपोच्या मुळाशी डॉट गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल, त्यात एक ओळ, तारा डॉट एसएच, स्पेस, टेक्स्ट, स्पेस, ईओएल इक्वल टू एलएफ. ही फाइल कमिट होते, सगळ्यांबरोबर जाते आणि कोणाच्या मशीनवर काय सेटिंग आहे त्याला विचारत नाही. बॅच फाइली असतील तर त्यांना उलट, तारा डॉट बॅट आणि ईओएल सीआरएलएफ, कारण विंडोजचा सीएमडी नुसत्या एलएफवर गो-टू आणि लेबलांच्या बाबतीत अधूनमधून वेड्यासारखा वागतो. डॉकरफाइल, मेकफाइल, एक्स्टेन्शन नसलेल्या स्क्रिप्टा, त्यांची नावं वेगळी घाला, तारा डॉट एसएचमध्ये त्या येत नाहीत आणि नेमक्या त्याच राहतात.

मग एकानं गिट ॲड, मायनस मायनस रीनॉर्मलाइज, डॉट करून वेगळं कमिट करावं, दुसऱ्या कुठल्या बदलात मिसळू नये, नाहीतर डिफमध्ये सगळी फाइल बदललेली दिसेल आणि रिव्ह्यू करणारा तुम्हाला कोपऱ्यात घेईल. नवीन मुलाच्या डिस्कवरची फाइल एवढ्यानं आपोआप बदलत नाही हेही लक्षात ठेवा, त्यानं ती फाइल डिलीट करून परत चेकआउट करावी, नाहीतर सरळ नवीन क्लोन.

एक राहिलं. डॉट ईएनव्ही (पासवर्ड आणि सेटिंग ठेवायची) फाइल तुम्ही गिटमध्ये ठेवत नसाल, ठेवूही नका, पण म्हणूनच हा नियम तिला लागत नाही. ती विंडोजवर सेव्ह झाली आणि स्क्रिप्टनं ती वाचून घेतली की पासवर्डच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटतं आणि डेटाबेस म्हणतो पासवर्ड चुकीचा. पासवर्ड स्क्रीनवर छापून बघितला तर बरोबर दिसतो, कॉपी करून हातानं टाकला तर चालतो. यावर लोकांनी पासवर्ड रीसेट केलेत, नव्यालाही तेच झालं आणि मग नेटवर्कवाल्यांशी भांडण. तेव्हा तीही फाइल एकदा कॅट मायनस एनं बघून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे रोजचे रिपोर्ट सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) येतात. जुने साफ करायला सहा ओळींची स्क्रिप्ट आहे, वरती सेट मायनस ई आहे म्हणजे काही चुकलं तर लगेच थांबते. एका सहकाऱ्यानं विंडोजवरून एक किरकोळ बदल केला. रात्री स्क्रिप्ट चालली, जुने रिपोर्ट जागेवरच आणि आजचे उडाले. सेट मायनस ई असताना असं कसं झालं हे मला समजतच नाहीये, आणि खापर माझ्यावर फुटलंय.
— एक कर्मचारी, भोसरी

उत्तर : हे पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण पहिल्यांदा मलाही पटेना. तुम्ही स्क्रिप्ट जोडलीत ते फार बरं केलंत.

क्रॉनमध्ये तुम्ही बॅश आणि मग स्क्रिप्टचं नाव असं लिहिलंय, म्हणून पहिल्या ओळीवर ती मेली नाही, तिथे मेली असती तर वाचला असता. पुढची ओळ सेट मायनस ई, पण शेवटी कॅरेज रिटर्न. बॅशला वाटलं मायनस ई आणि आणखी एक अनोळखी ऑप्शन, तो म्हणाला इनव्हॅलिड ऑप्शन, आणि अशा वेळी तो ईसुद्धा लावत नाही, आधी सगळे ऑप्शन तपासतो मग लावतो. म्हणजे तुमचा वॉचमन दारातच अडवला गेला. मग सीडी करून जुन्या रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये जायचं होतं, फोल्डरच्या नावाला कॅरेज रिटर्न लागलं, फोल्डर सापडला नाही, सीडी फसली, आणि वॉचमन नसल्यामुळे स्क्रिप्ट पुढे चालत राहिली, आहे त्याच फोल्डरमध्ये, जिथे आजचे रिपोर्ट होते.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नाही, पण तरी. पुढची आरएमची ओळसुद्धा फसायला हवी होती! तारा डॉट सीएसव्ही अधिक कॅरेज रिटर्न अशा नावाची एकही फाइल नसते, त्यामुळे नुसती ती ओळ असती तर काहीच उडालं नसतं. पण तुमच्या त्या एकाच ओळीच्या शेवटी कोणीतरी हॅश देऊन "जुन्या फाइली काढा" अशी टीप लिहिलीय. कॅरेज रिटर्न त्या टिपेत गेलं, टीप बॅश वाचत नाही, आणि सगळ्या स्क्रिप्टमधली तेवढीच एक ओळ ठणठणीत निघाली. काही लोक तर ओळीच्या शेवटी मुद्दाम हॅश लावून हा आजार झाकतात, त्यांनी ही गोष्ट वाचावी.

तेव्हा खापर तुमच्यावर फोडणाऱ्यांना हे दाखवा, पण स्क्रिप्टही बदला. सीडीच्या पुढे त्याच ओळीत दोन उभ्या रेघा आणि एक्झिट १ लिहा. कॅरेज रिटर्न असलं तरी एक्झिट कुरकुरत का होईना बाहेर पडतो, न्यूमेरिक आर्ग्युमेंट पाहिजे म्हणतो, पण पडतो. त्याहून बरं म्हणजे सीडी करूच नका, आरएमला पूर्ण पत्ता द्या, म्हणजे चुकीच्या फोल्डरात उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही. आणि शेलचेक नावाचा फुकट तपासनीस आहे, तो कॅरेज रिटर्न दिसलं की एससी १०१७ नंबरची तक्रार करतो, आणि सीडी उघडी सोडली की एससी २१६४, पण स्क्रिप्टमध्ये सेट मायनस ई असेल तर ही दुसरी तो देत नाही. म्हणजे तुमच्या केसला पहिलीच कामाची. सर्व्हरवर स्क्रिप्ट चढवण्याआधी तो चालवायचा असा नियम करून घ्या, सहकाऱ्यालाही लागू.

प्रश्न : आम्ही काही मित्र हवेली आणि पुरंदर तालुक्यातल्या गावांची, नद्यांची, देवळांची यादी करतोय. यादी एक्सेलमध्ये, तिथून सीएसव्ही, आणि शोधाशोध लिनक्सवर ग्रेपनं. तीन अडचणी आहेत. शेवटच्या रकान्यात तालुका आहे, तो पुरंदर आहे का असं स्क्रिप्टनं विचारलं तर कधीच हो म्हणत नाही. पहिल्या रकान्याचं शीर्षक गाव असं आहे, तेही जुळत नाही. आणि कऱ्हा शोधलं तर निम्म्याच नोंदी मिळतात, गोऱ्हे बुद्रुक सापडतं आणि गोऱ्हे खुर्द सापडत नाही. डोळ्यांना अक्षरन् अक्षर सारखं दिसतं.
— एक निवृत्त शिक्षक, सिंहगड रोड

उत्तर : सर, तुमच्या एका फाइलमध्ये तीन वेगवेगळी न दिसणारी अक्षरं आहेत, म्हणून तुमचं पत्र शेवटी ठेवलं.

तालुक्याचं कारण आता तुम्हीच सांगाल. एक्सेल सीएसव्हीच्या ओळी विंडोज पद्धतीनं संपवतो, आणि शेवटचा रकाना असल्यामुळे कॅरेज रिटर्न त्यालाच चिकटतं. पुरंदर आणि पुरंदर-अधिक-काहीतरी, कसे जुळणार. मधल्या रकान्यांना कधीच त्रास नाही, म्हणून लोकांना वाटतं डेटाच चुकलाय.

पहिल्या शीर्षकाचं वेगळंय. यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण टाकतो, तिला बॉम म्हणतात. ती गावच्या आधी बसलीय. स्क्रिप्टच्या फाइलला अशी खूण लागली तर हॅश-उद्गारचिन्ह पहिल्या जागेवर राहत नाही आणि तिथेही बोंब होते. डॉस-टू-युनिक्स चालवलात तर तो कॅरेज रिटर्नही काढतो आणि बॉमही काढतो, तुमच्या दोन अडचणी एका कमांडमध्ये गेल्या. तो नसेल आणि टीआर कमांडनं काढायचं ठरवलंत तर निघालेली फाइल वेगळ्या नावानं ठेवा. त्याच नावात परत ओतलंत तर शेल आधी फाइल रिकामी करतो आणि मग वाचायला जातो, हातात शून्य बाइटची यादी येते. शिवाय टीआर बॉमला हात लावत नाही.

तिसरी अडचण मात्र आपली घरची आहे, तिथे ना विंडोज दोषी ना लिनक्स. कऱ्हा, गोऱ्हे, तऱ्हा, गिऱ्हाईक यातला तो अर्धा र, पापणीसारखा, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक शून्य रुंदीचं अक्षर. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात आणि ग्रेपला पूर्णपणे वेगळी. तुमच्या चार मित्रांनी चार कीबोर्डांवरून टाइप केलं असणार, कोणी मोबाइलवर, कोणी इन्स्क्रिप्टवर, म्हणून बुद्रुक एका पद्धतीत आणि खुर्द दुसऱ्या. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन लावून हे एक होत नाही, मी करून बघितलंय. सेडनंच करावं लागतं, र-हलन्त-जॉइनर दिसेल तिथे ऱ-हलन्त घाल म्हणून, आणि शोधायचा शब्दही त्याच गाळणीतून काढायचा. तो जॉइनर कीबोर्डवर सापडणार नाही, यादीतल्याच न सापडणाऱ्या गोऱ्हे खुर्दमधून कॉपी करून सेडच्या ओळीत चिकटवा.

नुसते सगळे जॉइनर उडवून टाकू नका मात्र, गोऱ्हेचं गोर्हे होईल, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसेल, आणि गावचे लोक यादी परत पाठवतील.